गोळी घ्यावी, आणि ताटही भरावे

दिवस मावळायला आला होता. आशाताई एका घरी आल्या. त्या घरातल्या सुनेला चौथा महिना लागला होता. ताईंनी तिच्या हाती लाल गोळ्यांची पाकिटे दिली.

"रोज एक घ्यायची. रात्री जेवण झाल्यावर. विसरायचं नाही बरं का," ताई म्हणाल्या.

सासूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले. "ताई, एक विचारते. राग मानू नका. मला पाच झाली. मी एक गोळी खाल्ली नाही. मग हिलाच कशाला?"

शेजारच्या काकू तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि म्हणं गोळ्यांनी मूल दांडगं होतं. मग बाळंतपणात बाई अडते."

सून काहीच बोलली नाही. तिने पाकिटे पदराखाली धरली आणि ती आत गेली.

असे बोलणे पुष्कळ घरांत होते. सासूबाईंचा प्रश्न वेडगळ नाही. काकूंची भीतीही खोटी नाही. पण त्या दोघींना उत्तर मिळाले नाही, तर गोळ्या फडताळात पडून राहतात. मग नुकसान होते ते सुनेचे आणि तिच्या पोटातल्या बाळाचे. म्हणून आज आपण हे उत्तर नीट समजून घेऊ.

जीवनसत्त्व म्हणजे काय?

आपण भाकरी खातो. तिने अंगात जोर येतो. डाळ, मटकी, दूध, अंडी यांनी अंग भरते. पण एवढ्याने भागत नाही. घर बांधायला दगड-विटा लागतात, तसा गवंडीही लागतो. गवंडी नसेल तर विटांचा ढीग नुसता पडून राहतो.

आपल्या शरीरातही असे गवंडी आहेत. त्यांना जीवनसत्त्वे म्हणतात. ती फार थोडी लागतात. पण ती नसली तर खाल्लेल्या अन्नाचे चीज होत नाही.

थोडी म्हणजे किती? एक ग्रॅम मीठ घ्या. चिमूटभरच होईल. त्याचे दहा लाख सारखे भाग केले असे समजा. त्यातल्या एका भागाला मायक्रोग्रॅम म्हणतात. बी-बारा नावाचे एक जीवनसत्त्व आहे. ते गरोदर बाईला दिवसाला असे दोन-तीन भागच लागतात! फॉलिक आम्ल नावाचे दुसरे आहे. ते काही शे भाग लागते. डोळ्यांनाही दिसणार नाही एवढी ही मात्रा. पण बाळाचे रक्त, मेंदू, हाडे हे सारे तिच्यावर अवलंबून असते.

मुंबईच्या गिरणगावातली गोष्ट

फॉलिकचा शोध लागण्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई भारतात आल्या. त्या वेळी मुंबईत कापडाच्या गिरण्या जोरात चालत. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. त्यांना धाप लागे. पाय सुजत. कित्येकींचा त्यात जीव जाई. या बायांच्या अंगात रक्त कमी होते. पण ते का कमी झाले हे कोणाला कळत नव्हते.

लुसीबाईंनी त्या बायांचे खाणे पाहिले. त्यात भाजीपाला आणि फळे फार कमी होती. मग त्यांनी यीस्टपासून केलेला एक काळपट, खारट अर्क रोग्यांना देऊन पाहिला. दारू गाळताना जे यीस्ट उरते त्याचा तो अर्क. बाजारात तो मार्माइट या नावाने मिळे. काय आश्चर्य! थोड्याच दिवसांत बायांचे रक्त भरू लागले. १९३१ साली बाईंनी ही हकीकत छापून प्रसिद्ध केली.

त्या अर्कात असे काय होते? ते पुढे दहा वर्षांनी उमगले. १९४१ साली शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात. त्यावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. नावातच पान आहे. मेथी, पालक, शेपू, चाकवत, राजगिरा, तांदुळजा या सगळ्या पालेभाज्यांत ते असते. हरभरा, मूग, मटकी यांतही असते. पण भाजी फार वेळ शिजवली आणि पाणी फेकून दिले, तर त्यातले बरेच निघून जाते.

आशाताई जी लाल गोळी देतात, तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक असते.

पहिला महिना फार मोलाचा

बाळ पोटात राहिले की प्रथम एक बारीक नळी तयार होते. तिच्यापासून मेंदू आणि पाठीचा कणा होतो. ही नळी अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटावी लागते. ती उघडी राहिली तर मूल जन्मतःच अधू होते. कधी कधी ते जगतही नाही.

१९९१ साली विलायतेतील डॉक्टरांनी एक मोठी परीक्षा पुरी केली. ती सात देशांत चालली होती. ज्या बायांना पूर्वी असे अधू मूल झाले होते, त्यांतल्या काहींना दिवस राहण्याआधीपासून फॉलिक दिले. तेव्हा असे दोष चारांतले जवळजवळ तीन टळले.

आता विचार करा. अठ्ठावीस दिवसांत बाईला दिवस गेल्याचे कळते तरी का? बहुतेक वेळा नाही. पाळी चुकते, मग आणखी आठ-पंधरा दिवस जातात. तोवर नळी मिटण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून फॉलिकची गोळी मूल हवे असे ठरवले की तेव्हाच सुरू करावी. ज्या बाईला पूर्वी असे मूल झाले असेल तिला जास्त मात्रा लागते. तिने डॉक्टरांना तसे आधीच सांगावे.

पुण्याजवळची सहा गावे

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. पाने खा, गोळी घ्या. पण पुढे एक नवीच गोष्ट कळली. तीही आपल्याच महाराष्ट्रात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाच्या रोग्यांना तपासत. मधुमेह म्हणजे रक्तात साखर वाढण्याचा आजार. लोक त्याला नुसते 'शुगर' म्हणतात. याज्ञिकांना एक कोडे पडले. हा आजार लठ्ठ माणसांचा, असे पुस्तकात लिहिले होते. पण आपल्याकडे तो सडपातळ माणसांनाही होत होता. आणि तरुणपणी होत होता. असे का?

त्याचे मूळ शोधायला ते आणि त्यांचे सोबती खेड्यांत गेले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी काम सुरू केले. सुमारे आठशे गरोदर बायांची नोंद ठेवली. त्या काय खातात, किती राबतात, त्यांच्या रक्तात काय आहे, हे सारे लिहून काढले. पुढे त्यांच्या मुलांनाही वर्षानुवर्षे तपासले.

पहिली गोष्ट अशी दिसली. या गावांतली बाळे जन्मतः सरासरी २ किलो ७०० ग्रॅम भरली. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टन गावची बाळे साडेतीन किलो भरत. आपली बाळे बारीक होती, हातापायांवर मांस कमी होते. पण त्या मानाने त्यांच्या अंगातली चरबी कमी नव्हती. म्हणजे वरून बारीक आणि आतून चरबीदार. अशी चरबी पुढे मधुमेहाला वाट करून देते.

दुसरी गोष्ट. ज्या आया हिरवा पाला, फळे आणि दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे जरा मोठी आणि भरदार होती. नुसती भाकरी जास्त खाऊन तेवढा फरक पडलेला दिसला नाही. पोट भरणे वेगळे आणि शरीराला हवे ते मिळणे वेगळे, हे यावरून कळते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बायांच्या रक्तात फॉलिकची उणीव जवळजवळ नव्हतीच. पण दर तीन बायांमागे दोघींच्या रक्तात बी-बारा कमी होते.

ही मुले सहा वर्षांची झाली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचे रक्त तपासले. २००८ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-बारा कमी आणि फॉलिक जास्त होते, त्या मुलांच्या शरीराला साखर हाताळणे सर्वांत जड जात होते. मुले धडधाकट दिसत होती. शाळेत जात होती, खेळत होती. आजार अजून झाला नव्हता. पण त्याची वाट तयार होत होती.

साखर आणि किल्ली

साखर हाताळणे म्हणजे काय, ते पाहू.

भाकरी, भात, गूळ यांची पोटात साखर होते. ती रक्तात मिसळते. शरीराच्या बारीक बारीक पेशी असतात. प्रत्येक पेशी म्हणजे एक खोली समजा. तिला दार आहे आणि दाराला कुलूप आहे. रक्तातली साखर आत जायची तर कुलूप उघडले पाहिजे. त्याची किल्ली म्हणजे इन्सुलिन. ती पोटातल्या स्वादुपिंड नावाच्या अवयवात तयार होते.

काही माणसांची कुलपे जणू गंजलेली असतात. एका किल्लीने उघडत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त जास्त किल्ल्या करते. बिचारे वर्षानुवर्षे राबते आणि एक दिवस थकते. मग साखर रक्तातच साठते. हाच मधुमेह. पुढे तो डोळे, मूत्रपिंडे, पाय आणि हृदय यांवर घाव घालतो.

त्या सहा वर्षांच्या मुलांच्या अंगात हीच कुलपे गंजू लागली होती. आणि त्याचा संबंध आईच्या गरोदरपणापर्यंत पोचत होता.

जोडीचे बैल

आता तुम्ही म्हणाल, फॉलिक तर चांगले म्हणून सांगितले. मग ते जास्त असून बिघडले कसे?

औताला दोन बैल जुंपतात. एक दांडगा आणि दुसरा हाडकुळा असेल तर काय होते? औत एका बाजूला ओढले जाते. तास वाकडे पडते. दांडग्या बैलाचा त्यात दोष नाही. त्याला जोडीदार बरोबरीचा मिळाला नाही, एवढेच.

फॉलिक आणि बी-बारा ही अशीच जोडी आहे. शरीरात होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ होतो. तो साठला तर अपाय करतो. फॉलिक आणि बी-बारा दोघे मिळून त्याचे चांगल्या पदार्थात रूपांतर करतात. बी-बारा नसले तर फॉलिक वाटेतच अडकून पडते. काम पुढे सरकत नाही. पुण्याच्या गावांत ज्या आयांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त होते, त्यांची बाळे लहान भरली.

याच जोडीच्या कामातून आणखी एक गोष्ट होते. घर बांधताना गवंडी दोरी धरून खुणा करतो. इथे भिंत, इथे दार, इथे खिडकी. बाळाचे शरीर घडतानाही अशा खुणा होतात. कोणते काम चालू ठेवायचे, कोणते बंद, याच्या त्या खुणा. मांस किती धरायचे, चरबी किती साठवायची, साखर कशी वापरायची, हे त्यांवर बरेच ठरते. खुणा करायचे सामान ही जोडी पुरवते. सामान कमी पडले तर खुणा चुकण्याची भीती असते. पुढे त्या पुसून नीट करणे कठीण जाते.

बी-बारा कमी असले तर आईलाही त्रास होतो. हातापायांना मुंग्या येतात. थकवा येतो. विसर पडतो. नुसते फॉलिक मिळत राहिले तर रक्त ठीक दिसते, पण आत नसांची हानी चालू राहते.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. यावरून फॉलिकची गोळी सोडायची नाही. गोळी सोडली तर रक्त कमी होईल, बाळाच्या कण्याला धोका होईल. या अभ्यासात डॉक्टरांनी आया आणि मुले पाहिली व संबंध जोडला. फॉलिकनेच मधुमेह होतो असे त्यातून सिद्ध झालेले नाही. शहाणपण एवढेच, की हाडकुळ्या बैलाला वैरण घालावी. दांडग्याची वैरण तोडू नये.

बी-बारा येते कुठून?

हे जीवनसत्त्व कोणत्याही झाडापाल्यात नसते. धान्यात नाही, डाळीत नाही, भाजीत नाही, फळात नाही. ते सूक्ष्म जंतू तयार करतात. गाई-म्हशीच्या पोटात असे जंतू असतात. गाय गवत खाते, जंतू बी-बारा करतात, आणि ते दुधात उतरते. म्हणून दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे आणि मटण यांतूनच आपल्याला ते मिळते.

आता जरा आपल्या घरात डोकावून पाहू. दावणीला म्हैस आहे. सकाळी आठ लिटर दूध निघते. ते सगळे किटलीत ओतून डेअरीला जाते. राहिलेच तर चहापुरते आणि पोरांपुरते राहते. दूध विकून घर चालते, हे खरे. पण जी बाई पहाटे उठून शेण काढते, वैरण घालते, धार काढते, तिच्या वाट्याला कोरा चहा येतो. ती जेवायला बसते सगळ्यांच्या शेवटी. तोवर भाजी संपलेली असते. मग ती चटणी-भाकर खाते आणि उठते. आणि नेमकी तीच गरोदर असते.

आठ लिटरांतले दोन पेले दूध घरात ठेवले तर डेअरीचा पगार किती कमी होईल? मांडून पहा. आणि पुढे मुलाला मधुमेह झाला तर दर महिन्याला औषधाला किती लागतील? तेही मांडून पहा.

कोणाचे घर माळकरी असते. तिथे अंडी-मांस चालत नाही. त्यात काही वाईट नाही. पण मग दूध-दह्याची आठवण जास्त ठेवावी लागते. दूधही मिळत नसेल तर बी-बाराची गोळी मिळते. ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. सरकारी लाल गोळीवर विसंबून चालणार नाही. २०१८ च्या अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ठरलेल्या त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असते. बी-बारा तिच्यात धरलेले नाही.

ताटाची परीक्षा

गोळ्यांची गोष्ट झाली. पण ताटाने खरेच फरक पडतो का? तेही मुंबईत करून पाहिले आहे.

२००६ सालापासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी परीक्षा झाली. त्यात लग्न झालेल्या, पण अजून दिवस न गेलेल्या बाया होत्या. अर्ध्या बायांना रोज एक खाऊ दिला. तो पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला होता. बाकीच्यांना तसाच दिसणारा खाऊ दिला, पण तो बटाटा, कांदा अशा भाज्यांचा होता. दिवस गेल्यावरही खाऊ चालू ठेवला.

गरोदरपणात काही बायांची साखर वाढते. बटाट्याचा खाऊ खाणाऱ्या शंभर बायांत अशा बारा निघाल्या. पाला-फळे-दुधाचा खाऊ खाणाऱ्या शंभरांत सात निघाल्या. केवढा फरक! आणि तोही औषधाने नव्हे, रोजच्या खाऊने.

बाळांचे वजन सगळ्यांत वाढले नाही. ज्या बायांनी दिवस राहण्याआधी निदान तीन महिने खाऊ खाल्ला, त्यांच्याच बाळांचे वजन थोडे वाढलेले दिसले. त्यातही फार हडकुळ्या बायांच्या बाळांना लाभ झाला नाही. पेरणीच्या दिवशी नांगरट करून कसे भागेल? मशागत आधीच हवी.

हे ओळखून पुण्याच्या डॉक्टरांनी २०१२ साली पुढचे पाऊल टाकले. १९९३ च्या अभ्यासातली मुले तेव्हा मोठी झाली होती. त्यांना लग्नाआधीपासूनच रोज बी-बाराची लहानशी मात्रा देण्याचे काम त्यांनी त्याच गावांत सुरू केले. त्यात मुली होत्या, तसे मुलगेही होते. यातून आपण एवढे घ्यावे. घरातली तेरा-चौदा वर्षांची पोर ही उद्याची आई आहे. भावाला दूध आणि बहिणीला पाणी, ही वाटणी आजच बंद केली पाहिजे.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

काही लोकांना वाटते, एका गोळीने गुण येतो तर चार घेतल्याने चौपट येईल. पिकाला खत जास्त झाले तर पीक जळते. इथेही तसेच आहे.

अ जीवनसत्त्व डोळ्यांना लागते. पण गरोदरपणी त्याच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेतल्या तर बाळात व्यंग येऊ शकते. म्हणून दुकानातून मनाने कोणत्याही शक्तीच्या गोळ्या आणू नयेत. गाजर, भोपळा, पालेभाजी यांची मात्र भीती नाही.

ड जीवनसत्त्व हाडांना लागते. ते कोवळ्या-कडक उन्हाने आपल्या कातडीत तयार होते. दिवसभर घरात बसणाऱ्या बाईने थोडा वेळ उन्हात बसावे. त्याच्या जोडीला कॅल्शियम लागते. ते दूध, नाचणी, तीळ यांत असते. पुण्याच्या त्याच गावांत, ज्या आयांनी गरोदरपणी कॅल्शियमचे पदार्थ वरचेवर खाल्ले, त्यांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी अधिक भक्कम भरली.

काय करावे?

१. मूल हवे असे ठरले की आरोग्य केंद्रात जावे. फॉलिक तेव्हाच सुरू करावे.

२. चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिकची लाल गोळी रोज घ्यावी. ती १८० दिवस घ्यायची असते. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. शौचास काळी होते, त्याला भिऊ नये. मळमळले तर गोळी सोडू नये, रात्री झोपताना घ्यावी.

३. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळ्याने ते चांगले लागते. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी घेऊ नये. मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.

४. रोज एक पालेभाजी, एक फळ आणि दोन पेले दूध किंवा दही-ताक. फळ महागच हवे असे नाही. पेरू, बोर, केळे, आवळा चालतो. चालत असेल त्यांनी अंडे खावे.

५. बी-बाराबद्दल डॉक्टरांना स्वतः विचारावे. हातापायांना मुंग्या येत असतील तर नक्की सांगावे.

६. गरोदरपणी साखरेची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त पाहतात.

पुन्हा त्या ओट्यावर

आठ दिवसांनी आशाताई पुन्हा त्या घरी गेल्या. त्यांनी हे सारे सासूबाईंना सांगितले.

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पाच झाली म्हणाले मी. पण जगली तीनच. आणि थोरल्याला पस्तिशीत शुगर निघाली. तो तर काडीसारखा आहे. तेव्हा कुणी काही सांगितलं नाही आम्हाला."

"तुमचा दोष नाही, आत्याबाई," ताई म्हणाल्या. "तेव्हा हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. आणि एका आईच्या एका गोष्टीनं सगळं ठरतं असंही नाही. पण आता कळलंय तर करू या."

काकूंनी विचारले, "मग ते दांडग्या मुलाचं काय?"

"काकू, आपली बाळं मुळात बारीक आहेत. गोळीनं ती दांडगी होत नाहीत, नीट भरतात. मूल फाजील मोठं होतं ते बहुतेक आईच्या रक्तात साखर वाढली म्हणजे. म्हणून तर साखर तपासायची. आणि बाळ अडेल म्हणून आईला उपाशी ठेवणं हा तर उपायच नव्हे."

संध्याकाळी धार काढून झाली. घरधनी किटली घेऊन डेअरीला निघाला. सासूबाई आतून तांब्या घेऊन आल्या.

"थांब जरा," त्या म्हणाल्या, "आधी ह्यात ओत. हे घरात राहील."

विचार करा आणि सांगा

१. जीवनसत्त्वांना गवंड्याची उपमा का दिली आहे?

२. फॉलिक दिवस राहण्याआधीच का सुरू करावे?

३. बी-बारा कोणकोणत्या पदार्थांत असते? तुमच्या घरी त्यांतले काय मिळते?

४. तुमच्या घरी सगळ्यांच्या शेवटी कोण जेवते? तिच्या ताटात काल काय होते?